वजनाबाबतचा अनुपालन अहवाल

प्रति,
समस्त अधिकारी व कर्मचारी वर्ग
(आस्थापना शाखेसह, खरे तर आस्थापना शाखेलाच)

विषय : माझ्या आकारमानात होऊ घातलेल्या बदलाबाबत.
संदर्भ : आपले वेळोवेळीचे तोंडी शेरे, बहुतांश दुपारी डबा खाताना दिलेले.

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी येत्या सोमवारी रजेवरून रुजू होत असून पुढील काही महिन्यांत आपल्या डोळ्यांदेखत कमी कमी होत जाणार आहे. ही बाब दडवता येण्याजोगी नाही. माझ्या सेवापुस्तकात ओळखीची खूण म्हणून हनुवटीवरच्या तिळाची नोंद आहे. पण नव्या माणसाला माझे टेबल दाखवताना आपल्यापैकी कुणी तिळाचा उल्लेख केल्याचे ऐकिवात नाही.

रजेच्या अर्जात मी ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहिले होते. ते खोटे नाही. पोट माझ्या घरचेच आहे. परिवर्तित रजाही मागता आली असती, पण 1981 च्या रजा नियमांप्रमाणे तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र आधी आवक शाखेत येते. तिथे शिक्का बसतो, शिक्का मारणारा ते वाचतो, मग आस्थापनेत दोघी मिळून वाचतात, आणि नस्ती साहेबांच्या टेबलावर पोहोचेपर्यंत साहेब सोडून सगळ्यांना दुखणे तोंडपाठ झालेले असते. मागे एका सहकाऱ्याच्या मूळव्याधीची नस्ती अशीच फिरली. अजूनही तो मीटिंगला बसू लागला की कुणीतरी आपुलकीने उशी पुढे करते. म्हणून मी माझी शिलकी अर्जित रजा खर्च केली आणि सोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. माझ्या जठराच्या सुमारे 75 ते 80 टक्के भागाने मात्र कुणाचीही परवानगी न घेता कायमचे मुख्यालय सोडले आहे.

या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. पोटाला चार-पाच बारीक छिद्रे पाडून दुर्बिणीने करतात. मागे उरते ती केळ्याएवढी नळी. काढलेल्या भागात भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक बरेचसे तयार होते, त्यामुळे भूकही मंदावते. एवढी माहिती आपल्याला कुठेही मिळाली असती. मीच देते, म्हणजे निदान ‘आतडी कापली’ असे तरी म्हणू नका.

खर्चाच्या प्रतिपूर्तीचा विचार मनाला शिवलाही नाही. रुग्णालयाचे बिल म्हणजे ऑपरेशनचे सविस्तर वर्णन, आणि ते किती टेबलांवरून जाते हे मी नव्हे तर कोण जाणणार? घरच्या पॉलिसीतून दावा केला. विमा नियामकाची अट अशी की बीएमआय 40 किंवा वर हवा. किंवा किमान 35 असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही हवे, आणि आधीचे सौम्य उपाय फसलेले हवेत. या शेवटच्या अटीसाठी आपल्यालाच साक्षीला न्यावे असे वाटत होते. दीक्षित डाएट झाले, दिवेकर डाएट झाले, दुधीचा रस झाला, संक्रांतीपासून सुरू केलेले आणि शिमग्याला बंद पडलेले फिरणे झाले. प्रत्येक उपाय आपल्याच सल्ल्याने आणि आपल्याच देखरेखीखाली फसला. विमा कंपनीचे मात्र कौतुक करावेसे वाटते. तिने माझे वजन एकदाच विचारले, कागदावर, आणि नंतर पुन्हा तो विषय काढला नाही.

आता मूळ मुद्दा. कार्यालयात सांगावे की सांगू नये, यावर मी स्वतःशीच टिपणी चालवली.

सांगितले, तर पहिला शेरा मला आताच ऐकू येतो : “शॉर्टकट मारला बाईंनी.” नितीन गडकरींनी 2011 मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. अरुण जेटलींनी 2014 मध्ये, देशाचे अर्थमंत्री असताना, तसेच केले. दोन्ही बातम्या पेपरात आल्या, आणि ‘साहेबांना चालायला काय झालं होतं?’ असे आपल्यापैकी कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुढाऱ्याने केले की तो प्रकृतीसाठी घेतलेला निर्णय. वरिष्ठ सहायक बाईने केले की आळस.

आळशी माणसाचा दिनक्रम कळवते. सुरुवातीचे साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी थांबायचे. दोन-चार घास जास्त गेले की छातीत अडकते. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि ज्या पोटात ती जायची ते तर काढून टाकलेले. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर, वेळोवेळी रक्ततपासणीसह. तीन-चार महिन्यांनी केस गळण्याची शक्यता असते, तेव्हा त्यावरचे शेरे आतापासूनच राखून ठेवावेत. इतके करून खाण्याकडे दुर्लक्ष झाले तर वजन परतही येते.

शिवाय सांगितले की घासागणिक हिशेब सुरू. “एवढंसंच?” आणि “एवढं चालतं का तुम्हाला?” हे दोन्ही प्रश्न एकाच चपातीवर विचारण्याची आपली क्षमता मी जाणून आहे.

न सांगितले, तर तर्क. पन्नाशीला टेकलेली बाई झपाट्याने बारीक झाली की आपण एकतर मोठे दुखणे धरतो, नाहीतर घरातला जाच. 2025 मध्ये वजन उतरवणारी ती नवी इंजेक्शने आपल्याकडे आल्यापासून तिसरा तर्कही उपलब्ध आहे. माझी विनंती एवढीच की सर्व शाखांनी मिळून एकच काय तो तर्क ठरवावा. लेखा शाखेत मला कर्करोग आणि टपालात सुनेचा त्रास, असे होऊ नये. मला सून नाही.

पेढ्यांचेही आहे. बढतीचा पेढा नाकारला की बढती मिळालेल्याला वाटते, ही जळते. मी पेढा घेईन, कागदात गुंडाळीन, घरी नेईन. त्याचा अर्थ लावू नये.

आणि “आता छान दिसताय हं” असे म्हणण्याचा मोह होईल. आधी मी कशी दिसत होते याचा शेरा त्यात आपोआप नोंदला जातो. “केसाच्या नस्तीचं काय झालं?” असे विचारलेत तर मला जास्त बरे वाटेल. केसाची नस्ती म्हणजे कोर्टकेसची. गळणाऱ्या केसांची नव्हे.

कुणी कायद्यावर बोट ठेवील म्हणून नमूद करते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहितीच्या अधिकारातून माझे पोट मागवायचे असल्यास कलम 8(1)(ञ) आधी वाचून घ्यावे. अपील माझ्याकडेच येईल.

तरीही कायमचे तोंड बंद ठेवणे मला जमणार नाही, त्याचे कारण वेगळे आहे. नात्यातल्या एक बाई पूर्वी अशाच भराभर उतरल्या. मी विचारले तर म्हणाल्या, “काही नाही गं, रात्रीचं जेवण सोडलं.” मी वर्षभर रात्रीची उपाशी झोपले. काटा हलेना, तेव्हा माझ्यातच खोट आहे अशी माझी खात्री पटली. त्यांनी जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली होती हे फार उशिरा कळले. न सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण खोटा उपाय सांगण्याचा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याबाबत त्यांच्याशी माझे आजही बोलणे नाही.

सबब, निर्णय असा. जे माझ्या शरीराबद्दल विचारतील त्यांना “घरगुती कारण” एवढेच उत्तर मिळेल. जी कुणी, किंवा जो कुणी, स्वतःच्या शरीरासाठी विचारील, त्याने साडेपाचनंतर रेकॉर्ड रूममध्ये यावे. खर्च किती, भीती किती, शिंक आली की टाके कसे ओढतात, आणि कोणता प्रश्न डॉक्टरांना विचारायला मी लाजले, सगळे सांगेन. यायचे कारण विचारले जाणार नाही. दोघांतला फरक मला चेहऱ्यावरून कळतो.

चक्कर आली तर कुणाला तरी ठाऊक असावे म्हणून शिपाई मावशींना सगळे सांगून ठेवले आहे. कार्यालयात सर्वांत जास्त त्यांनाच माहीत असते, आणि आजवर त्यांच्याकडून काही फुटलेले नाही. त्यांना खोदून विचारू नये. त्या नुसत्या बघतात.

आपली,
वरिष्ठ सहायक
(कोणत्या कार्यालयातील, हे प्रत्येक कार्यालयाने आपापल्या स्तरावर ठरवावे.)

प्रत माहितीस्तव :
मा. साहेब — वाचल्यास.
चहावाले भाऊ — यापुढे अर्धा कप, बिनसाखरेचा. वहीत पूर्ण कपच लिहावा.