दारावरून गेलेली बोट

"पाणी बघूक मुंबैक कित्याक जावचा?" क्रूझचं तिकीट दाखवल्यावर काकांनी विचारलं. धामापुरात हा सवाल बिनतोड आहे. विजयनगरच्या मांडलिक नागेश देसायांनी १५३० साली बांधलेला तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर. २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, पण काकांच्या लेखी तो अजून पोहायला शिकायचाच.

पण मुंबई ते गोवा, बोटीनं, म्हटल्यावर काका विरघळले. त्यांच्या तरुणपणी 'कोकण सेवक' होती. भाऊच्या धक्क्यावर वळकटी टाकून डेकवर जागा धरायची, रात्रभर शेजाऱ्याला बोट लागली तर पाय आखडून घ्यायचे, आणि मालवणला बोट खोल पाण्यात उभी राहिली की ट्रंका, पोरं, म्हातारी माणसं सगळी एकाच मापानं खालच्या पडावात उतरवायची. काकूला आठवणीनंच मळमळतं, म्हणून ती घरीच राहिली.

आमची बोट म्हणजे तरंगती सोसायटी. लिफ्ट, नाचायचा हॉल, वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव. काका त्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. "बोटीत तळी कित्याक होयी? भायर इतक्या पाणी आसा मा!" जेवायला केकचे चार प्रकार, पण माशाची आमटी नाही. खाली अख्खा अरबी समुद्र आणि ताटात पनीर! काकांनी पिशवीतली आवळासुपारी काढली आणि मला अर्धी दिली. त्या रात्रीचं तेवढंच जेवण मला आठवतं.

पहाटे चारला जाग आली तर काकांचा पलंग रिकामा. डेकवर गेलो. कालचे नाचणारे कुठेकुठे आरामखुर्च्यांत आडवे झालेले, आणि त्यांच्या पलीकडे कठड्याशी काका: टोपी, कोट, हातात पिशवी, पायांत बूट. दूर किनाऱ्यावर चार-दोन दिवे. माझ्या मोबाइलच्या नकाशात निळा ठिपका बरोबर मालवणासमोर.

"पडाव खय आसा?" त्यांनी विचारलं.

"काका, ही बोट मालवणला थांबत नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. "मगे आमच्या दारावरसून कित्याक नेतस?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवे मागे पडले. काका बूट न काढताच पलंगावर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी मडगावहून रेल्वेनं उलटे कुडाळला आलो. तिथून रिक्षानं नेरूरपारचा पूल ओलांडून, काळसेवरून घर. एकदा ओलांडलेलं घर गाठायला एवढा खटाटोप आणि वर दोन माणसांचं भाडं, हे काकांनी रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि वीस रुपये जास्त मागितले.

खरी वादळं घरी असतात. काकूनं पिशवी उपसली तर लाडवांच्या डब्यात बोटीचा चमचा. जड, चकचकीत, दांड्यावर नांगराचं चित्र.

"चुकान इलो," काका म्हणाले. नॅपकिनात गुंडाळलेला चमचा चुकून कसा येतो, हे काकूनं विचारलं नाही. तिनं फक्त तलावाच्या दिशेला हात केला. गावातल्या पोराटोरांनाही ती गोष्ट पाठ आहे: फुलांचे दागिने करून परडी पाण्यात सोडावी, भगवतीनं सोन्याचे द्यावेत, लग्न उरकलं की परत करावेत. कुणा एकानं परत केले नाहीत, आणि तेव्हापासून देवीचं दुकान बंद.

"आता आणि समुद्र बंद करशात," काकू म्हणाली.

काका तसेच पोस्टात गेले. पार्सलचा खर्च चमच्याच्या किमतीपेक्षा जास्त आला असणार. बाजारातल्या चमच्याची चौकशी करूनच ते परतले. पत्त्याच्या जागी त्यांनी बोटीचं नाव लिहिलं होतं, आणि खाली कंसात: मालवणास थांबत नाही.