उपासाला काय चालतं

आमच्या मावशीला स्वयंपाकात सगळं अस्सल लागतं. टोमॅटोला ती अजून ‘विलायती वांगं’ म्हणते आणि आमटीच्या आसपास फिरकू देत नाही, आंबटपणा आमसुलाचाच. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत तर तिचा शब्द शेवटचा.

साबुदाणा रात्री धुऊन ठेवायचा, पाणी जेमतेम बुडेल एवढंच. सकाळी दाणा चिमटीत धरला की चपटा झाला पाहिजे. आत कणी राहिली तर खिचडी चिवट होते. पाणी जास्त झालं तर कढईत एकच गोळा होतो आणि तो सुरीने कापून वाढावा लागतो. दाण्याचं कूट, मीठ, साखर आधीच चोळून ठेवायची. तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या काचऱ्या, मग साबुदाणा, वर झाकण. दाण्याचा पांढरेपणा गेला की गॅस बंद. कोथिंबीर? “चालत नाही.” इंदूरची वहिनी वरून शेवही घालते, पण त्या विषयावर मावशी उपासाच्या दिवशी तोंड उघडत नाही.

परवा मी पानातल्या मंडळींची गावं काढली. साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमहून, पण ज्या कंदापासून तो होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेची, रताळं अमेरिकेचं, राजगिराही मूळचा तिथलाच. कोलंबस 1492मध्ये तिकडे पोचला नसता, तर आपल्या एकादशीला तूप आणि मीठ एवढंच उरलं असतं. (वरीचे तांदूळ होते म्हणा, पण नुसत्या वरीवर एकादशी दुप्पट खाशी झाली नसती.) उलट तांदूळ, तूर, वांगं, हळद ही पिढीजात इथली मंडळी त्या दिवशी दाराबाहेर.

“म्हणजे मावशी, तुझं हे अस्सल पान बोटीतून उतरलंय.”

मावशी कालथ्याने खरवड सोडवत होती. खरवड ती स्वतःसाठी ठेवते.

“मग बरोबरच आहे,” ती म्हणाली. “तांदूळ, तूर घरचे. उपास घरच्यांनी करायचा असतो, पाहुण्यांनी नाही.”

हे ऐकून मी लगेच कोथिंबिरीचा अर्ज पुढे केला. तीही मूळची परकीच, भूमध्य समुद्राकडची.

“तिला इथे येऊन फार वर्षं झाली,” मावशी म्हणाली.