डोमेन अ‍ॅडमिन्स मंडळींना सविनय

प्रति,
डोमेन अ‍ॅडमिन्स गटाचे सर्व सन्माननीय सदस्य,
अंबड एमआयडीसी, नाशिक

स. न. वि. वि.

आपल्या कारखान्यात संगणक चाळीस आणि त्या चाळिसांचे सर्वाधिकारी अकरा. लोकशाही इतकी खोलवर रुजलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आपला मान थोडाथोडका नाही. डोमेनला जोडलेल्या प्रत्येक संगणकावर, प्रत्येक सर्व्हरवर आपला शब्द अखेरचा. या गटात रोजच्या वापराचं एकही खातं ठेवू नका, असं मायक्रोसॉफ्ट कधीपासून सांगते आहे. पण त्यांना अंबडचा अनुभव कुठला?

मोठ्या शेठचं सदस्यत्व जन्मसिद्ध आहे. ‘कंपनी माझी आणि मलाच परवानगी नाही म्हणतंय?’ या प्रश्नाला कुठल्याच मॅन्युअलात उत्तर नाही. शेठ ते खातं मेल बघायला वापरतात. अकाउंट्सच्या मॅडम टॅलीतून प्रिंट निघेना म्हणून आल्या. प्रिंटरची वायर निघाली होती हे मागाहून कळलं, पण दिलेला मान परत घेणं बरं दिसत नाही. शेठचे भाचे दिवाळीच्या सुट्टीत ‘जरा नेटवर्क बघायला’ आले होते. ते हल्ली पुण्याला असतात, खातं इथंच राहतं. पर्चेसचे साहेब नोकरी सोडून सातपूरला, आपल्याच स्पर्धकाकडे गेले. त्यांना शाल-श्रीफळ दिलं. खातं बंद करायचं तेवढं राहिलं.

पण पहिला नमस्कार झेरॉक्स मशीनला. हो, तेही सदस्य आहे! स्कॅन केलेला कागद सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये जाईना. तिथं परवानगी दोन जागी असते, एक शेअरवर, एक फोल्डरवर, आणि दोन्हींत जी कडक तीच चालते. फोल्डरवर लिहायची मुभा होती, शेअरवर नुसतं ‘रीड’. एक टिक मारायची होती. मशीन दुरुस्त करायला आलेल्या पोराला घाई होती, शेठनी त्याला स्वतःचा पासवर्ड सांगितला, आणि त्यानं मशीनचं खातं थेट आपल्या पंगतीत बसवलं. पासवर्ड ‘स्कॅन123’. तेव्हापासून जिन्याखालचं ते यंत्र शेठच्या बरोबरीनं कारखाना चालवतं.

ज्याला त्याला कामापुरताच अधिकार द्यावा, हे साल्ट्झर आणि श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी 1975 साली लिहून ठेवलं. नाशिककरांना त्यासाठी अमेरिकेकडे बघायचीही गरज नाही. सिंहस्थात वैष्णव आखाडे रामकुंडात उतरतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात. कोणामागून कोण, तेही ठरलेलं. या क्रमापायी पूर्वी तलवारी निघाल्या आहेत. गट, जागा, वेळ सगळं नेमलेलं, आणि स्नान आटोपलं की बाहेर यायचं. नागा साधू पाळतात ते पर्चेस डिपार्टमेंटला जड का जावं, हे 2027 च्या सिंहस्थाआधी कळलं तर बरं.

रॅन्समवेअरला मात्र आपली व्यवस्था फार आवडेल. ते ज्याच्या खात्यातून शिरतं, त्याचे अधिकार त्याला आयते मिळतात. शेठनी मेलमधलं एक खोटं बिल उघडलं की सगळे सर्व्हर, बॅकअपवाल्यासकट, त्याचे. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारच्या सर्ट-इनला कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात, असा 2022 चा आदेश आहे. मी कळवीनही. लॉगमध्ये दिसेल ते असं: पहाटे अडीच वाजता झेरॉक्स मशीननं पगारपत्रक उघडलं.

तरी येत्या शनिवारी संध्याकाळी सहानंतर गटात एकच खातं राहील. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, शेठच्या तिजोरीत. बाकीच्यांची सोय कामानुसार केलेल्या गटांत: ‘अकाउंट्स-लिहिणे’, ‘ड्रॉइंग-वाचणे’ वगैरे. नव्या गटाची परवानगी पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होते, म्हणून सोमवारी आल्या आल्या मला फोन करण्याआधी एकदा लॉगआउट करावं. ज्यांना जास्त हवं, त्यांनी कोणतं फोल्डर, वाचायला की लिहायला आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहून पाठवावं. ‘कायमचं’ ही तारीख धरली जाणार नाही.

आपला,
पासवर्ड रिसेट करून देणारा