मानवतचा स्वभर्जक

चहा पिणाऱ्यांच्या गावात जो कॉफी पितो त्याला आजारी समजण्याची रीत आहे. परंतु जो कॉफीचे कच्चे दाणे परगावाहून मागवतो, घरच्या कढईत भाजतो, हाताने दळतो आणि मग पितो, त्याला काय समजावे याविषयी मानवतचे अद्याप एकमत झालेले नाही. संस्कृतात भाजण्याच्या क्रियेला भर्जन म्हणतात. चणे-लाह्या भाजणारा भडभुंजा हा वर्ग गावास पूर्वीपासून परिचित आहे. पण भडभुंजा दुसऱ्यांसाठी भाजतो, त्याचे पैसे घेतो आणि भाजण्याविषयी व्याख्यान देत नाही. या तिन्ही बाबतींत प्रस्तुत मनुष्य नेमका उलट असल्यामुळे त्याला ‘स्वभर्जक’ असे निराळे नाव देणे सोयीचे होईल.

परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मुळात कापसाचे. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आडत्यांच्या गाद्यांवर भावाची बोलणी चालतात आणि प्रत्येक बोलण्याच्या मध्ये अर्धा कप चहा येतो. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ असा शब्द होता, तो अरबी ‘बुन्न’वरून आलेला, तेव्हा कॉफी या भाषेला परकी नाही, परकी आहे ती या गावाच्या तोंडाला. मराठी घरांत ती फार तर पाहुणचाराची, परीक्षेच्या जागरणाची किंवा बसलेल्या घशाची वस्तू. दुधात उकळायची, साखर सढळ हाताने घालायची आणि वर जायफळ किसायचे. या पेयात कॉफी कितपत असते हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण जायफळाचा वास उत्तर देऊन मोकळा होतो.

स्वभर्जक हा बहुधा तिशी ओलांडलेला, बंगळूर किंवा पुणे येथे संगणकाच्या नोकरीत काही वर्षे काढलेला आणि २०२० च्या टाळेबंदीत बॅग घेऊन घरी परतलेला असतो. नोकरी घरून चालू राहिली, पण ऑफिसखालचे कॉफीचे दुकान घरून चालू राहिले नाही. या एका उणिवेतून त्याचा पंथ निघाला. असा मनुष्य पूर्वी का निपजला नाही, याचे कारण त्याच्या स्वभावात नसून काहीसे कायद्यात आहे. १९४२ च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा होई आणि तेथून लिलावाने विकला जाई, त्यामुळे अमुक मळ्याचा अमुक दाणा असे काही सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नसे. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने उठले, मळेवाले आपला माल आपल्या नावाने विकू लागले, पुढे घरपोच कुरिअर आले, आणि चिकमगळूरच्या डोंगरातली एक किलोची पिशवी मानवतच्या गल्लीत येऊन पडू लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, मेळघाटच्या थंड पठारावर, हे ऐकवल्यावाचून तो पाहुण्याच्या हातात कप देत नाही. पिशवी मात्र चिकमगळूरचीच असते.

सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनमधील मोखा बंदरातून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले, अशी परंपरागत कथा आहे. ही कथा स्वभर्जकाला तोंडपाठ असते, आणि सातचा आकडा उच्चारताना तो सात बोटे वर करतो.

कच्चा दाणा हिरवट-राखाडी, दगडासारखा टणक आणि वासाला वाळल्या गवतासारखा असतो. त्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो, तो आधी जावा लागतो; मग दाणा पिवळा पडतो, भाकरी शेकल्यासारखा वास येतो, पुढे तो तपकिरी होतो आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसला आतल्या वाफेच्या दाबाने तडकतो. या तडकण्याला जाणकार ‘पहिली तडतड’ म्हणतात. येथे थांबले तर भाजणी फिकी आणि चव आंबूस राहते. आणखी तापवले तर दुसरी, बारीक तडतड होते, दाण्यावर तेलाची चकाकी येते आणि चव कडवट होते. या दोन तडतडींमध्ये जी दोन-तीन मिनिटे सापडतात त्यांवर स्वभर्जकाचे सगळे तत्त्वज्ञान उभे असते.

हा विधी पहाटे साडेपाचला उरकावा लागतो. एक तर नंतर शेगडी मोकळी नसते. दुसरे, भाजलेला दाणा चार-पाच मिनिटांत गार व्हायला हवा, नाहीतर तो आपल्याच उष्णतेने आतून भाजत राहतो, आणि परभणी जिल्ह्यातील मे महिन्यात दुपारी पंख्याखाली ठेवलेली कोणतीही वस्तू गार होत नाही. तिसरे कारण धूर. कापसाच्या गावात धूर ही थट्टेची गोष्ट नव्हे. जेथे उघड्यावर कापसाच्या गंज्या आणि रुईच्या गठाणी पडलेल्या असतात तेथे कोणाच्याही खिडकीतून निळसर धूर निघाला की शेजारी विचारपूस करत नाहीत, बादली घेऊन येतात. असे दोनदा घडल्यानंतर तो गल्लीतले लोक झोपेत असतानाच भाजू लागला.

त्याच्या हाती अन्न तपासण्याचा तापमापक, गळ्यात सेकंद मोजणारे घड्याळ आणि ओट्यावर वही असते. लोखंडी कढईत उलथणे अखंड फिरत असते, कारण क्षणभर हात थांबला की एका अंगाने काळा आणि दुसऱ्या अंगाने पिवळा असा दुतोंडी दाणा तयार होतो. दाण्यावरचे पातळ साल सुटून शेंगदाण्याच्या फोलपटासारखे उडू लागते आणि शेगडीवर, वहीवर, त्याच्या भुवयांवर बसते. अशा वेळी आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, “उतरव की रे आता, वास बदलला बघ.” तिने या कढईकडे पाहिलेलेही नसते. तो तापमापक पाहून म्हणतो, “अजून वीस सेकंद, माय.” त्या वीस सेकंदांत जे करपायचे ते करपते. ज्या बाईने चाळीस वर्षे ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे, तीळ आणि पुरणपोळीच्या आधीची डाळ यांवर कान आणि नाक तयार केले, तिच्यापुढे अंशांचा आकडा कमी पडतो, ही नोंद वहीत कोठेही सापडत नाही. पुढे दाणे सुपात येतात आणि ती ते दोनदा पाखडते. फोलपट उडून अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पडते, दाणे सुपाच्या कडेला शहाण्यासारखे गोळा होतात. याच कामासाठी परदेशात पंखा लावलेली चाळणी विकत मिळते, असे तो तिला सांगतो, आणि ती ऐकून घेते.

स्वभर्जकाचा व्यवहार गावात खऱ्या अर्थाने कोणाला कळत असेल तर तो आडत्याला. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा. कापसात ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला की भाव तुटतो, हे ज्याला झोपेतही ठाऊक असते, त्याने कच्च्या कॉफीच्या पिशवीत हात घालून पहिला प्रश्न विचारला तो “ओलावा किती?” हा. दुसरा प्रश्न उताऱ्याचा होता. कापसातली सरकी वेगळी केल्यावर जितकी रुई निघते त्या प्रमाणाला उतारा म्हणतात. अडीचशे ग्रॅम भाजले की दोनशे बारा ग्रॅम उरतात, असे कळल्यावर आडत्याकाकांनी मनातल्या मनात हिशेब करून मान डोलावली.

“आमच्या कापसाची सरकी तरी उरते. तुमच्या ह्याचं मागं काय उरतं?”

“वास, काका.”

“तो तर साऱ्या गल्लीनं फुकट घेतला.”

एवढ्या थोड्या शब्दांत गृहभर्जनाचे अर्थशास्त्र अन्यत्र कोणी मांडल्याचे दिसत नाही.

भाजण्यावर संपत नाही. ताजा भाजलेला दाणा कार्बन डायऑक्साइड वायू सोडत राहतो, म्हणून त्याला दोन-तीन दिवस स्वस्थ ठेवावे लागते. मग दळायचे, तेही पिण्याच्या क्षणी, कारण दळलेल्या पुडीचा सुगंध मिनिटांच्या हिशेबाने उडतो. पंधरा ग्रॅम पुडीला सव्वादोनशे ग्रॅम पाणी हे प्रमाण. ते मोजण्यासाठी ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा काटा त्याने आणला, तेव्हा हा पोरगा सराफी सुरू करतो आहे की काय, अशी कुजबूज झाली. पाणी हा आणखी निराळा अध्याय आहे. बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारांनी भरलेले. त्यातले कार्बोनेट कॉफीतला आंबूसपणा मारून टाकतात आणि चव मातकट करतात. म्हणून तो जारचे पाणी आणतो, आणि ते फारच क्षारहीन म्हणून त्यात थोडे बोअरचे मिसळतो. घरात नळ आहे, बोअर आहे, जार आहे आणि तरीही हा मनुष्य पाणी ‘तयार’ करतो, हे पाहून घरातली वडीलधारी माणसे कपाळाला हात लावतात.

गाळण्याच्या बाबतीत मात्र गावाने त्याला तारले. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद भोके पाडलेल्या पितळी भांड्यात ठेवून कॉफी गाळली, आणि कागदी गाळणीचा उद्योग उभा राहिला. ते कागद मानवतच्या दुकानांत मिळत नाहीत. संपले की आठवडाभर वाट पाहावी लागते. अशाच एका आठवड्यात आईने मांजरपाटाचे, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाचे, धुऊन पांढरे केलेले फडके पुढे केले. चक्का बांधण्याच्या त्या फडक्यातून उतरलेली कॉफी त्याला कागदापेक्षा भरदार लागली. परदेशातही कापडी गाळणीचा एक जुना संप्रदाय आहे, हे त्याला त्याच रात्री समजले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो शोध आईला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला.

परंतु स्वभर्जकाचे खरे दुःख भाजण्यात, दळण्यात किंवा गाळण्यात नसून संपवण्यात आहे. ताजेपणाला हुंडीसारखी मुदत असते. भाजल्यापासून तिसऱ्या दिवशी ती सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत बुडते. कढईत फार थोडे दाणे घातले तर ते नीट हलवण्याआधीच करपतात, म्हणून एका खेपेला अडीचशे ग्रॅम भाजावेच लागतात. त्याचे सुमारे चौदा कप होतात, आणि जोडीला आधीच्या खेपेचा उरलेला डबा असतोच. बंगळूरात चौदा पिणारे शेजारच्या टेबलावर मिळतात. येथे त्याला माणसे धरून आणावी लागतात, आणि मुदत संपत आली की त्याचा आदरातिथ्याचा उमाळा वाढत जातो, हे गावाने हेरले आहे. कुरिअर देणारा पार्सल दारात ठेवून मोटारसायकल चालूच ठेवतो. शाळेतला मित्र रस्ता बदलतो. गॅसची टाकी आणणारा, विजेचे मीटर पाहणारा, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला, कोणीही असो, त्याला पाच मिनिटे बसवले जाते आणि ती पाच मिनिटे पंचवीस होतात, कारण आधी दाणे मोजणे, मग हाताच्या चक्कीची घरघर, मग पुडीवर थोडे पाणी ओतून ती फुगू देणे, या फुगण्याचा अर्थ सांगणे, आणि नंतर उरलेले पाणी सुतासारख्या धारेने गोलगोल सोडणे, हे सारे पाहुण्याच्या देखत व्हावे लागते.

अखेर कप येतो. त्यात दूध नसते, साखर नसते, आणि रंग काळाही नसून तांबूस असतो. पाहुणा घोट घेतो आणि गप्प राहतो.

“संत्र्याच्या सालीचा भास होतो का?”

“आंबली का काय, भैय्या?”

आंबूसपणा हा फळाचा गुण असून उंचावर पिकलेल्या दाण्याचे ते लक्षण आहे, हे विवेचन येथे सुरू होते. ज्या मुलखात आंबट झालेल्या दुधाच्या पेयाला नासले म्हणतात, तेथे हे विवेचन किती पोचते, ते पाहुण्याच्या कपात उरलेल्या पातळीवरून मोजता येते. स्वभर्जक ती पातळीही वहीत लिहून ठेवतो.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मराठवाड्यात या तीन दिवसांना दिवाळीइतके वजन आहे, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका येतात. एका वर्षी त्याच सुमारास त्याच्याजवळ मुदत उलटत आलेले दीडशे ग्रॅम दाणे पडून होते, आणि तो कंपनीच्या बैठकीत संगणकासमोर अडकला होता. आईने डबा काढला, मिक्सरच्या भांड्यात एकदा फिरवला, पाच लिटर दुधात घातला, साखर ओतली, जायफळ किसले आणि सणसणीत उकळी काढली. स्टीलच्या छोट्या पेल्यांतून ते दूध-कॉफीचे मिश्रण तीस-पस्तीस बायकांनी तासाभरात संपवले; काहींनी दुसऱ्यांदा मागून घेतले, एकीने कोणत्या दुकानातली म्हणून विचारले, आणि दुकानातली नाही, पोराने घरी भाजली असे सांगताना आईचा आवाज ओसरीपर्यंत गेला.

बैठक संपवून तो बाहेर आला तेव्हा पातेल्याच्या तळाशी एक पेलाभर उरली होती. त्याने ती उभ्याउभ्या प्यायली, डबा उघडून रिकामा असल्याची खात्री करून घेतली आणि पुन्हा पातेल्यात डोकावून पाहिले.

“पुढच्या खेपेला जरा आणखी काळी भाज,” आई पेले गोळा करत म्हणाली, “दुधात मरते.”

त्या रात्रीची वहीतली नोंद संक्षिप्त आहे: तारीख, दाण्याचे वजन, दुसऱ्या तडतडीनंतर तीस सेकंद, आणि समासात, प्रश्नचिन्हासह, जायफळ ०.३ ग्रॅम.