प्रमेयातून सुटका नाही

बीएला तत्त्वज्ञान घेणाऱ्या बहुतेक मुलांनी दहावीचा निकाल लागला त्याच दिवशी भूमितीच्या नावानं आंघोळ केलेली असते. कंपासपेटी धाकट्या भावंडाच्या दप्तरात गेलेली असते. अशा निर्धास्त जीवांपुढे मी स्पिनोझाचं ‘एथिक्स’ उघडतो. आधी व्याख्या, मग स्वयंसिद्ध तत्त्वं, मग प्रमेय, मग सिद्धता आणि तिच्या शेवटी तेच जुनं ‘हेच सिद्ध करायचे होते’. मुलं माझ्याकडे अशी बघतात, की आमचा पत्ता युक्लिडला तुम्हीच दिलात ना?

पाच भाग, २५९ प्रमेयं. नाव नीतिशास्त्राचं, पण सुरुवात थेट ईश्वरापासून. पहिलीच व्याख्या काय, तर जे स्वतःच स्वतःचं कारण असतं त्याची. यावर ‘असं कसं, सर?’ हा प्रश्न यायला हवा. येतो तो ‘सर, हे आयएमपी आहे का?’

म्हणून मी थोडं चरित्र सांगतो. चरित्र सगळ्यांना चालतं. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं त्याला बहिष्कृत केलं. त्याच्यापासून चार हातांच्या आत कुणी फिरकायचं नाही, असं फर्मान काढून. ‘म्हणजे वाळीतच टाकलं की,’ पुढच्या बाकावरून आवाज येतो. पुढं तो भिंगं घासून पोट भरत होता. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठानं प्राध्यापकपद देऊ केलं, तर यानं नम्रपणे नाही म्हटलं. ही गोष्ट मी वर्गात सांगतो, स्टाफरूममध्ये नाही. तिथं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं बसलेली असतात.

‘एथिक्स’ छापलं गेलं १६७७ मध्ये, तो गेल्यावर, तेही लेखकाची नुसती आद्याक्षरं घालून. म्हणजे जाब विचारायला लेखक मिळत नाही. मी मिळतो.

तेव्हा मी शिरतो तो तिसऱ्या भागातून. पहिल्या भागाशिवाय तिसऱ्याची सिद्धता उभी राहत नाही, हे जाणकारांचं म्हणणं अगदी रास्त आहे. त्यांनी एकदा दुपारी जेवणानंतरचा तास घेऊन बघावा. इथं स्पिनोझा राग, लोभ, आशा, भीती यांच्याकडे रेषा, प्रतलं आणि घनाकृतींकडे बघावं तसं बघतो. पस्तिसावं प्रमेय मी आपल्या शब्दांत सांगतो: आपलं माणूस दुसऱ्या कुणाशी आपल्याइतकंच किंवा जास्त जवळिकीनं जोडलं गेलंय असं मनात आलं, की त्या माणसाबद्दल द्वेष वाटतो आणि त्या दुसऱ्याबद्दल मत्सर. वर्गात टाचणी पडेल तर ऐकू यावी. मागच्या बाकावरचा एक जण खिडकीबाहेर बघायला लागतो. उजवीकडची एक मुलगी वहीत एकच ओळ पुन्हापुन्हा गिरवते. सिद्धता कुणीही मागत नाही.

खरी पंचाईत स्वतंत्र इच्छेपाशी होते. तान्ह्या बाळाला वाटतं, दूध आपण आपल्या मर्जीनं मागतोय. दारुड्याला वाटतं, आपण मर्जीनं बोलतोय. स्पिनोझा म्हणतो, आपल्याला इच्छा कळते, तिची कारणं कळत नाहीत. ‘एथिक्स’मधलं हे एवढंच मुलांना एका झटक्यात समजतं. गरजेपेक्षा जास्तच समजतं.

‘सर,’ खिडकीवाला गंभीरपणे म्हणाला, ‘असाइनमेंट उशिरा येणं हे अनंत कारणांच्या साखळीतून अपरिहार्यपणे आलंय. मी कसा दोषी?’

ही शंका थेट स्पिनोझालाच विचारली गेली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांनी पत्रातून. उत्तर आलं, ते मी वर्गाला सांगितलं: पिसाळलेलं कुत्रं चावून वेडा झालेला माणूस क्षम्यच आहे, तरीही त्याचा गळा आवळणं योग्य आहे.

मग मी त्याला मनापासून क्षमा केली आणि दहापैकी शून्य दिले.

‘असू दे सर,’ तो समजुतीनं म्हणाला, ‘तुमचा तरी काय इलाज!’