कुबट

आत्या आली की चपला दारात काढायची, पर्स सोफ्यावर टाकायची आणि बसायच्या आधी नाक वर करायची. दोनदा हुंगायची. मग तो शब्द यायचा. "कुबट."

घरात बाळ आलेलं असो नाहीतर नवा रंग झालेला असो, शब्द ठरलेला. लग्नानंतर बायको पहिल्यांदा तिच्या पाया पडली, तेव्हा आत्यानं डोक्यावर हात ठेवला, वाकून पदर हुंगला आणि म्हणाली, "अखंड सौभाग्यवती भव. शालूला ऊन दाखवलं नाहीत ना?"

तुमच्याकडेही अशी एक असणारच. मुंबई-ठाण्याकडे घरटी एक नेमून दिलेली असते.

घट बसायच्या आधी आत्याच्या अंगात यायचं. हवामान खात्याच्या ताज्या हिशेबानं मुंबईतला पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. देवीला हे कुणी कळवलेलं नाही. २०१७ साली घट २१ सप्टेंबरला बसले आणि आदले दोन दिवस आभाळ फाटलं होतं. गोधड्या, सतरंज्या, पडदे त्यातच धुवायचे. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या आठवड्यात सगळे वाकून चालायचो, कारण डोक्यावर ओल्या चादरी. चौथ्या दिवशी चादरी वाळायच्या, म्हणजे हाताला गार लागायच्या थांबायच्या. आणि त्यांना वास यायचा. कसला, ते आत्या सांगायचीच.

मग पंखा. कोरड्या गावाकडची धूळ फुंकरीनं उडते म्हणतात. आमच्याकडे समोरच्या टॉवरचं सिमेंट, हवेतला दमटपणा आणि रोजची फोडणी मिळून पात्यांवर काळपट चिक्की तयार होते. फडकं मारलं की ती जात नाही, नुसती जागा बदलते. आत्या जुनी उशीची खोळ सोड्याच्या गरम पाण्यात पिळून पात्यावर चढवायची आणि हलकेच ओढून घ्यायची. मळ खोळीत, पलंगावर कणभर नाही. मी स्टुलावर, ती खाली उभी. "ती खोळ दे इकडे." हुंगायची. तोंडानं सांगायची गरज नसायची.

पोस्टाचं पासबुक, माझं पदवीचं भेंडोळं, शेजाऱ्यांचा कुत्रा, तिनं काही सोडलं नाही. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या उपरण्यापाशी एकदा ती थबकली. आम्ही श्वास रोखले. "गुरुजी, सोवळं जरा उन्हात टाकत जा." पुढल्या वर्षी आम्हाला दुसरे गुरुजी शोधावे लागले.

राग याचा की तिचं बरोबर असायचं. एकदा म्हणाली, कपाट सरकवा. मागची भिंत पांढरीशुभ्र. मी विजयी मुद्रेनं कपाट परत लावलं. पंधरा दिवसांनी तिथे वरच्या मजल्याच्या गळतीचा हिरवा नकाशा उमटला. डोळ्यांना दिसायच्या आधी बुरशीचा वास सुटतो म्हणे. म्हणे कशाला, आत्याला येत होता.

२०२१च्या एप्रिलात तिला करोना झाला. घरच्या घरीच बरी झाली. दिवाळीआधी आली, पर्स टाकली, नाक वर केलं, दोनदा हुंगलं आणि नुसतीच बसली. "चहा टाक गं." आम्हाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. ती गेल्यावर बायको रात्रभर कपाटं उघडून बघत होती. वास गेल्याचं आत्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या शेजारणीकडून कळलं, दूध करपून पातेलं काळं झालं तेव्हा.

परवा तिच्याकडे माळा काढायला गेलो. ट्रंकेतून आजीचं नऊवारी लुगडं काढून तिनं माझ्यापुढे धरलं. दुसरीकडेच बघत म्हणाली, "बघ रे, येतंय का काही?"

मी नाक खुपसलं. वेखंड, डांबरगोळ्या आणि तळाशी आजीच्या कपाटाचा तो जुना, स्वच्छ वास.

"जरासं कुबट येतंय, आत्या."

"तरी मी म्हणत होते!" ती ताडकन उठली. पाच मिनिटांत अख्खी ट्रंक गॅलरीतल्या दोरीवर होती, आणि मी स्टुलावर.