विजेचा विमा, विजेपासून

आमच्या नेरुळच्या रो-हाउसच्या गच्चीवर पूर्वी पाण्याची टाकी, एक मोडकी खुर्ची आणि उन्हाळ्यात सौ.च्या कुरडया असायच्या. आता तिथे सहा सोलर पॅनल आहेत. २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळालं, महावितरणचा नेट मीटर बसला आणि माझी उन्हाशी सोयरीक जुळली. मे महिन्यात अख्खी नवी मुंबई घामानं निथळत असताना मी मोबाइलवर युनिटं मोजत खुशीत असतो. “अहो, निदान चारचौघांत तरी उकडतंय म्हणा,” असं सौ. बजावते.

पण मालमत्तेच्या पाठोपाठ धास्ती येतेच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ मुंबईला हात लावल्यासारखं करून समुद्रातून वर गेलं. दोन्ही वेळी मी खिडक्या लावून कांदाभजी खाल्ली होती. आता जरा वारा सुटला की गच्चीवर धावतो आणि नटबोल्ट चाचपत बसतो. वादळ माझ्या पान्याला घाबरेल असं काही नाही, पण खाली बसवत नाही.

शेवटी विमा एजंटला बोलावलं. तो म्हणाला, “काका, घराची पॉलिसी आहे ना तुमची? मग ती वाचा की!” विम्याची पॉलिसी वाचायला सांगणारा एजंट मी पहिल्यांदाच पाहिला. वाचली. ‘भारत गृह रक्षा’ नावाची ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या देतात आणि घराला बसवलेले सोलर पॅनल ती घराचाच भाग धरते. आग, भूकंप, वादळ, पूर आणि वीज पडणे, सगळं त्यात आहे. म्हणजे आभाळातल्या विजेनं गच्चीवरच्या विजेला मारलं, तर भरपाई! मराठीत दोघींचं नाव एकच ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

चोरीचं कलम तर वाचनीय. वादळासारख्या आपत्तीमुळे झालेली आणि तिच्यापासून सात दिवसांत झालेली चोरीच त्यात बसते. चोरानं आठव्या दिवशी पॅनल नेलं, तर त्याचंही चुकलं आणि माझंही. साध्या चोरीसाठी संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत मित्राचं वर्कशॉप आहे. त्याच्यासारख्यांच्या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ असते. तिच्यात त्यानं पॅनल किमतीसकट लिहून घेतले. मात्र पॅनल फुटून बंद पडल्यावर विकत घेतलेल्या विजेचं बिल तिच्यात येत नाही, हे त्याला उशिरा कळलं. मेहुण्याची घणसोलीची सोसायटी तर अजून पहिल्याच प्रश्नावर अडली आहे: गच्ची सगळ्यांची, पॅनल एकाचे, मग हप्ता कोणाचा? तीन सभा झाल्या, चहा दरवेळी सोसायटीच्या खर्चानं झाला.

मी मात्र बिल, इन्व्हर्टरचा नंबर आणि पॅनलचे फोटो एका फाइलीत लावून ठेवले आहेत. फोटोंत कबुतरंही आली आहेत. त्यांच्या विष्ठेनं घटणाऱ्या युनिटांना कुठल्याच कलमात जागा नाही, म्हणून बादली आणि फडकं घेऊन मीच वर जातो. सकाळी सातच्या आत. नंतर काच तापते.